गुलाबाच्या वासाचं सॅनिटायझर

कोरोनाच्या साथीत ताईंचं ब्यूटी पार्लर बंद पडलं, तेव्हा त्यांच्याकडे थोडं स्पिरिट आणि डबेच्या डबे कोरफडीचं जेल उरलं होतं. घरबसल्या त्यांनी त्याचं सॅनिटायझर बनवलं आणि शेजारी वाटलं. हात कोरडे पडतात अशी कुरबुर झाल्यावर त्या जेल वाढवत गेल्या, वर गुलाबाचा वास घातला. बिल्डिंगभर वाहवा झाली आणि ताई हरभऱ्याच्या झाडावर चढल्या.

एकदा नर्स असलेली भाची आली. बाटली हलवून तिने विचारलं, "मावशी, यात स्पिरिट किती घालतेस?"

"अंदाजाने. तिसरा हिस्सा असेल."

"अगं, निम्म्याहून बरंच जास्त लागतं. याने नुसते हात मऊ होतात."

समोरच्या आजोबांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, आणि त्यांची जखम पुसण्याआधी आजी हेच हाताला लावायच्या.

पिशवी घेऊन ताई दारोदार बाटल्या परत मागत फिरल्या. समोरचं दार त्यांनी शेवटाला ठेवलं. तिथे जायचा धीरच होईना.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. "त्यांच्या टाक्यांत पू झाला होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता उतार आहे. मला वाटलं, माझंच काही चुकलं."

"माझं चुकलं, आजी. मी माप पाहिलंच नाही, लोकांचं कौतुक पाहिलं."

आजींनी बाटली आणून दिली. ताईंना वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. आजींनी दार लावलं नाही, पण आत या असंही म्हणाल्या नाहीत.