वायनो पेल्कोनेनची जाग

सरोवराकाठच्या हाइमोला गावातल्या मुलांना शाळेला सुट्टी हवी असली की ती रात्री पायजमे उलटे घालून आणि उशीखाली चमचा ठेवून झोपत. त्याने रातोरात भरपूर बर्फ पडतं, अशी तिथली पक्की समजूत. बर्फ पाडण्याचं काम देवाकडे असेल, पण सुट्टीचं काम वायनो पेल्कोनेनकडे होतं.

वायनो शाळेच्या बसगाड्यांचा मुख्य, आणि सकाळची चार नंबरची बस तो स्वतः चालवी. वय एकसष्ट, मान आखूड, बोलणं त्याहून आखूड. नोव्हेंबर ते एप्रिल रोज पहाटे साडेतीनला तो आपल्या पिकअप गाडीतून एक्केचाळीस मैलांचा फेरा मारी. ठरलेल्या वळणांवर उतरून बुटाच्या टाचेने रस्ता ठोकून बघे, उतारावर मुद्दाम ब्रेक दाबून गाडी किती सरकते त्याचा अंदाज घेई, आणि पाचला दहा कमी असताना शाळेच्या प्रमुख ट्रेलोरबाईंना फोन करी. एकतर "रस्ता चालेल" किंवा "नाही चालणार". बाई पुढे काही विचारत नसत. सव्वापाचला घरोघरी फोन वाजत. एकोणीस हिवाळ्यांत वायनोचा शब्द एकदाही खोटा ठरला नव्हता. एकदा चांदणं पडलेलं असताना त्याने शाळा बंद ठेवली, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं. नऊ वाजता सरोवरावरून असा वारा सुटला की वेड्यात काढणाऱ्यांना स्वतःच्या घराचं फाटक दिसेना. त्यानंतर कोणी वाद घातला नाही.

ऑक्टोबरात त्याच्या बायकोला, एल्माला, हृदयविकाराचा झटका आला. शहरातल्या डॉक्टरांनी दोन स्टेंट घातले आणि नवव्या दिवशी तिला घरी पाठवलं. तुमच्या गाडीपेक्षा यांचं इंजिन आता चांगलं आहे, असं म्हणाले. वायनोची गाडी किती जुनी आहे हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला या बोलण्याचा आधार वाटला नाही.

झोप गेली ती तेव्हापासून. दहाला दिवा मालवला की तो पाठीवर पडून एल्माचा श्वास ऐकत राही. श्वास आत गेला की तो बाहेर येईपर्यंत याचा अडकलेला. त्यातून तिचा श्वास आजारपणानंतर चांगलाच मोठ्याने चाले. एकतीस वर्षं ती मांजरासारखी बिनआवाज झोपत आली होती, आणि आता भात्यासारखा आवाज. काहीतरी बिघडलंय ते डॉक्टरांना कळलेलं नाही, अशी त्याची खात्री होत चालली. तिला विचारायची सोय नव्हती. रोग्याला घाबरवू नये एवढं त्याला कळत होतं.

गावात कुणाची झोप गेली की ती गावभर होते. बर्फ सारायच्या गाडीवरच्या रुडीने कॉफी सोडायला सांगितलं, आणि हे सांगताना त्याच्या पेल्यात आपल्या थर्मासमधली कॉफी ओतली. औषधांच्या दुकानातल्या बाईने गोळ्या दिल्या. त्यांनी दिवसभर पेंग आली आणि रात्र कोरडी गेली. शनिवारी घरामागच्या वाफेच्या खोलीत तासभर बसलं की घोडासुद्धा आडवा होतो, असं तिथे मानतात. वायनो बिटासारखा लाल होऊन बाहेर आला आणि पहाटेपर्यंत लाल आणि जागा असा पडून राहिला.

शेवटी गावच्या डॉक्टरने सांगितलं की वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात लोळायचं नाही. उठायचं, काहीतरी कंटाळवाणं काम करायचं, पेंग आली की परत यायचं. वायनोला हे पटलं. त्याच्याजवळ कंटाळवाणं काम तयारच होतं. तो अडीचलाच गाडी काढून रस्ते बघायला जाऊ लागला. एक्केचाळीस मैल, आणि ठरलेली वळणं दोनदा. एवढी तपासणी त्या रस्त्यांची कधी झाली नव्हती. पेंग मात्र आली नाही, आणि डॉक्टरने अंथरुणात परत यायला सांगितलं होतं तो भाग वायनोने सोडूनच दिला.

जानेवारीतल्या एका मंगळवारी ती पेंग आली. अर्धा फेरा झाला होता. लेहतो टेकडीच्या अलीकडे चर्चच्या आवारात तो कॉफी प्यायला थांबला तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. हीटर चालू होता. त्याने डोळे मिटले, नुसते मिटले, आणि फोन वाजला म्हणून उघडले तर पाचला आठ कमी. ट्रेलोरबाई विचारत होत्या, आज उशीर का, काय म्हणतोय रस्ता.

"रस्ता चालेल," वायनो म्हणाला.

तोंडाने ते सवयीने म्हटलं. डोकं त्याच्या मागून आलं. टेकडी अजून चार मैल पुढे होती. जाऊन बघता आलं असतं, आणि नसेल तर बाईंना परत फोन करता आला असता. पण साडेपाचला एल्माची गोळी असे. शिवाय आतापर्यंतचा रस्ता कोरडा होता, टेकडी काय वेगळी असणार. आणि खरं सांगायचं तर अडीच महिन्यांत त्याला इतकं ताजंतवानं कधी वाटलं नव्हतं. माणूस ताजातवाना असला की त्याला आपलं म्हणणं बरोबर वाटतं. तो घरी गेला.

सात वाजून पाच मिनिटांनी सहा नंबरची बस लेहतो टेकडीवरून उतरताना घसरून आडवी फिरली आणि हळूच, जवळजवळ अदबीने, कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन टेकली. आत अकरा मुलं. एकाने स्वतःची जीभ चावली, एकीचा हातमोजा हरवला, बाकी सगळ्यांना तो दिवस फार आवडला. ढिगाच्या पलीकडे चाळीस फुटांची घळ होती, ते मुलांच्या लक्षात आलं नाही. मोठ्यांच्या आलं. रुडीने साखळी लावून बस ओढून काढली.

वायनोला कोणी दोष दिला नाही. हेच वाईट झालं. ट्रेलोरबाईंनी स्वतःच त्याला कारण पुरवलं. पाचनंतर गोठलं असणार, म्हणाल्या, तुम्ही काय करणार. वायनोने मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, हे बघणाऱ्याने ठरवावं अशी.

संध्याकाळी बसच्या शेडमध्ये डार्ला सेप्पाला त्याची वाट बघत उभी होती. सहा नंबरची चालक तीच. वय सत्तावीस, या कामातला दुसरा हिवाळा. तिने शाळेसाठी अपघाताचा कागद लिहिला होता आणि देण्याआधी तो त्याने वाचावा असं तिला वाटत होतं. कागदात तिने लिहिलं होतं की उतार चुकीच्या गिअरमध्ये घेतला, चूक आपली आहे, आणि महिनाअखेरीपासून आपण हे काम सोडत आहोत.

"गिअर बरोबर होता असं मला वाटतंय," ती म्हणाली. "पण तुम्ही रस्ता चालेल म्हणालात ना. मग माझंच चुकलं असणार."

वायनोने कागद दोनदा वाचला आणि हवा भरायच्या यंत्राकडे बघत म्हणाला, की हा उद्या दे. एवढं बोलून तो घरी गेला. जेवताना त्याने एल्माला बसची गोष्ट सांगितली. गावाला ठाऊक होती तेवढीच.

रात्री दहाला दिवा मालवला. बाजूला भाता सुरू झाला. आत, बाहेर. साडेबाराच्या सुमाराला भाता थांबला आणि वायनो सेकंद मोजू लागला.

"तू जागा आहेस," एल्मा अंधारात म्हणाली.

"नाही."

"मीपण नाही."

मग वायनोने विचारलं, श्वासाला काय झालं, मगाशी बरा चालला होता.

"दमले," एल्मा म्हणाली. "ऑक्टोबरपासून ओढतेय मी तो. तू ऐकत पडलेला असतोस ते मला कळत नाही होय? म्हटलं मोठ्याने घ्यावा. ऐकू आला की झोपेल बिचारा."

"मला वाटलं तुझं काहीतरी बिघडलंय."

"अरे देवा," एल्मा म्हणाली, आणि हसली. मग हसू थांबवून म्हणाली की तिलाही झोप येत नाही. डोळे मिटले आणि परत उघडलेच नाहीत तर, असं होतं. त्याला सांगितलं असतं तर तो आणखीनच जागला असता.

तेव्हा वायनोने तिला चर्चचं आवार सांगितलं. अंधारात सांगायला सोपं गेलं. तीन वीस, पाचला आठ कमी, न बघितलेली टेकडी, डार्लाचा कागद. एल्माने मधे एकदाच विचारलं, अकरा मुलं ना? तो हो म्हणाला.

"माझ्या गोळीचं निमित्त त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "गोळी मला घेता येते. हात चालतात माझे."

सकाळी सहा वाजता, बसगाड्या निघायच्या आधी, तो ट्रेलोरबाईंच्या खोलीत उभा होता. खुर्ची दिली तरी बसला नाही. टेकडी मी बघितलीच नव्हती, म्हणाला. गाडीत झोपलो होतो. डोळा लागला असं म्हणून त्याला ते लहान करता आलं असतं, पण तो झोपलो होतो असंच म्हणाला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एकोणीस वर्षांत त्यांना याला एक प्रश्न जास्त विचारायची वेळ आली नव्हती, त्यामुळे कुठला विचारावा ते सुचत नसावं.

"झोप किती दिवस नाही?" त्यांनी शेवटी विचारलं.

"अडीच महिने."

"आणि गाडी चालवत होतात. मुलांची?"

"सकाळची चार नंबरची. हो."

बाईंनी आवाज चढवला नाही. रस्ते वसंतापर्यंत त्याच्याकडे नाहीत, बसही नाही, आणि डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय शेडमध्ये हातोडीसुद्धा उचलायची नाही, असं त्यांनी एका दमात सांगितलं. काय झालं ते गावालाही कळवावं लागेल, म्हणाल्या. वायनो म्हणाला, कळवा. मग डार्लाला बोलावून त्यांनी तिने आणलेला कागद तिला परत केला, नवा लिहायला सांगितला, आणि रस्ते बघायचं काम तिच्याकडे दिलं. डार्ला वायनोकडे न बघता कागद घेऊन बाहेर गेली. दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिचा तो हक्क होता.

गाव महिनाभर बोललं. रुडीने त्याच्या पेल्यात कॉफी ओतायचं बंद केलं. उपचार म्हणून की शिक्षा म्हणून, ते त्याने सांगितलं नाही. पायजमे उलटे घालणाऱ्या मुलांची निष्ठा मात्र एका रात्रीत डार्लाकडे गेली.

वायनो आणि एल्मा आता जागी असली की जागी म्हणून जागत. दिवा लावत, स्वयंपाकघरात क्रिबेज नावाचा पत्त्यांचा डाव मांडत, आणि एल्मा जिंकत असे. डॉक्टरला ते फारसं कंटाळवाणं काम वाटलं नाही, पण त्याने चालवून घेतलं.

फेब्रुवारीत एका पहाटे साडेचारला फोन वाजला. डार्ला होती. वारा फिरलाय, म्हणाली, आकाश मोकळं आहे, पण मला भरवसा वाटत नाही. तुम्ही काय म्हणाल?

वायनो खिडकीशी गेला. काचेतून त्याला स्वतःचं अंगण दिसत होतं, आणि त्यावरून एक्केचाळीस मैलांचं मत देण्याइतका त्याचा अनुभव दांडगा होता.

"टेकडी चढलीस?" त्याने विचारलं.

"दोनदा."

"मग मला काय विचारतेस. मी तर घरात आहे."

मग ती म्हणाली की नाही चालणार. वायनो म्हणाला, ते बाईंना सांग, आणि फोन ठेवला.

तो परत अंथरुणात शिरला. एल्मा कुशीवर वळलेली होती आणि तिचा श्वास जवळजवळ ऐकू येत नव्हता. त्याने कान दिला, मग काढून घेतला, मग थोडा परत दिला. आपल्याला झोप नेमकी किती वाजता लागली, ते त्याला नंतर सांगता येईना. एल्माला विचारण्यात अर्थ नव्हता. ती त्याच्या आधीच झोपली होती.