पहाटेचा मिस कॉल

मैत्रिणींनो, डोकं अजून ठणकून राहिलं, पण हे लिहिल्याबिगर चैन पडायचं न्हाई.

उन्हाळा लागल्यापासून मी आणि आमच्या गल्लीतली सुनंदा उजाडायच्या आत कळमनुरी रोडला चालायला जायचो. तिनं उठल्यावर मिस कॉल द्यायचा अन् मी बूट घालून बाहेर पडायचं, असं ठरलेलं.

या आठवड्यात मिस कॉल बंद झाला. "गुडघा दुखून राहिला गं," म्हणाली. मी तिला चोळायला तेल नेऊन दिलं! अन् लेकरांचे डबे झाल्यावर एकटीच चालायला लागले.

आज उन्हानं डोळ्यापुढं अंधारी आली. रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवाल्या मावशींनी मला सावलीत बसवलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मग म्हणाल्या, "बाई, तुमी एवढ्या उन्हात काहून? तुमची मैत्रीण तर रोज अंधारातच दुसऱ्या बायांसंगं जाऊन येती."

तिथूनच सुनंदाला फोन लावला. "गुडघा कसा हाय?"

मावशी काय म्हणाल्या तेबी सांगितलं. मग म्हणाली, "अगं, त्या बाया लई भरभर चालतात. तुला दम लागतो. म्हणलं, तुला तकलीफ काहून द्यायची?"

माझी तकलीफ वाचवायला मला उन्हात सोडलं!

उद्यापासून मीच गजर लावीन, पाण्याची बाटलीही घेईन. तुमी पण ऊन चढायच्या आत घरी या. दुसऱ्याच्या मिस कॉलवर राहू नका.

अन् खरं सांगा, तुमच्यात कुणी हळू चालणारी हाय का? तिला उठवता, का झोपू देता?