सतरा रकाने

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. त्या तक्त्यातले सतरा 'नाही' मी भरले होते.

चाचा आमच्या प्रयोगशाळेत सहायक होते. रोज गंगापूरहून काळी-पिवळी जीपनं संभाजीनगरला येत. सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला की एकच विचारत, "सर, बघितलं का? नाय ना? मंग लिहू नका."

मातीतले जिवाणू वेगळे करायचे आणि प्रत्येकाचे गुण ठरलेल्या शब्दांत संगणकात नोंदवायचे, हे आमचं काम. हालतो का, मिठात तगतो का, असे रकाने. उत्तरं तीनच: आहे, नाही, तपासलं नाही. चौथा शब्द संगणकाला चालत नसे.

"चाचा, जंतूंचं आधार कार्ड काढताय काय?" मी एकदा चिडवलं.

"व्हय सर. अन् खोटं कार्ड आपण काढत नाय."

असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. त्याचा राग येतो, आणि अडलं की हाकही त्यालाच जाते.

तक्ता पाठवायचा शेवटचा दिवस होता. 'तपासलं नाही' फार झालं की संगणक तक्ता परत करी. वैजापूरकडच्या खारवट जमिनीतल्या सतरा जिवाणूंची मिठाची चाचणी राहिली होती. चाचांच्या वहीत तसं स्पष्ट लिहिलं होतं. ते नमाजला गेले आणि मी सतराही ठिकाणी 'नाही' टाकलं. तपासणारा म्हणून नाव त्यांचंच राहिलं.

मिठात तगणारे जिवाणू निवडताना संगणकानं ते सतरा गाळले. पुढं दुसऱ्या प्रयोगशाळेत त्यांतलाच एक मिठात मजेत वाढला. आमच्या प्रमुख मॅडमनी दोघांना बोलावलं.

"न तपासता 'नाही' लिहिलंत, चाचा?"

"मी नाय लिहिलं, मॅडम. वही बघा ना."

"वही कुठंय?" मॅडमनी मला विचारलं. भरलेल्या वह्या माझ्याच ताब्यात असत.

चाचाही माझ्याकडं बघत होते. अगदी निर्धास्त.

"सापडत नाही," मी म्हणालो. वही माझ्या कपाटात होती.

चाचांचं कंत्राट पुढं वाढलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसली, वर कापड घातलं.

"नीट शोधली ना, सर?"

"शोधली."

"मंग ठीक."

वही अजून माझ्याच कपाटात आहे. ती मॅडमच्या टेबलावर ठेवून "हे मी लिहिलं" म्हणायचं, आणि तेच गंगापूरला जाऊन चाचांना सांगायचं, एवढं माझ्याकडून राहिलं आहे.