आनंदीबाईंच्या नावाचं खातं

हिशेबात लतिकाचा हात धरणारं लालबागच्या त्या चाळीत कुणी नव्हतं. परळच्या शाळेत कारकुनी, घरी मुलाच्या, ध्रुवच्या इंजिनीअरिंगची फी, आणि उरलेल्या वेळात मालवणी मसाला. मिरच्या भाजायच्या सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, मसाला कुटायच्या कांडपावर तासन्‌तास उभं राहायचंही त्यांनीच. फोनवर ऑर्डरी, पाकिटं, कुरिअर आणि पैसे लतिकाकडे.

चार वर्षांपूर्वी पाकिटावर ‘आनंदीबाईंचा मसाला’ छापताना तिने बँकेतलं खातंही त्यांच्याच नावाने उघडलं. आपल्या पगारात ही कमाई मिसळायला नको, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला टॅक्सचं विचारतंय कोण? कार्ड मात्र लतिकाच्या पर्समध्ये.

मग आनंदीबाईंच्या मोबाइलवर आयकर खात्याचा मेसेज आला. बँक खात्यात मोठ्या रकमा दिसतात, रिटर्न नाही. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी अर्धी रजा टाकून लतिका त्यांना टॅक्सची कामं करणाऱ्या हितेंद्रकडे घेऊन गेली. नेणं भागच होतं. ओटीपी त्यांच्याच फोनवर येणार होता.

“विक्री नऊ लाख चाळीस. खर्च जाऊन नफा तीन लाख साठ हजार,” हितेंद्रने स्क्रीनवरून मोठ्याने वाचलं. लतिकाने डोळ्यांनी खुणावेपर्यंत उशीर झाला होता.

“नफो कोणाचो?” आनंदीबाईंनी विचारलं.

“तुमचा, आजी.”

“माझो?” त्या सावकाश सुनेकडे वळल्या. “आणि तू माका म्हयन्याक पाचशे दितस? वर म्हणतस, धंदो जेमतेम चलता?”

“आई, घरी बोलू ना.”

“हंयच बोल.”

हितेंद्रने पेन खाली ठेवलं. “वहिनी, ज्याची कमाई, त्याचं रिटर्न. आजींची असेल तर टॅक्स शून्य पडेल, तरी रिटर्न भरावं लागेल. तुमची असेल तर तुमच्या पगारात मिळवायची आणि टॅक्स भरायचा. सोयीने नाव घालता येत नाही. खरं सांगा, कोणाची?”

लतिकाने मनात भराभर आकडे मांडले. ‘माझी’ म्हटलं तर पन्नासेक हजार गेले. ‘आईंची’ म्हटलं तर खातंच गेलं. शुक्रवारी ध्रुवचा दुसरा हप्ता होता.

“मसाल्यात काय किती घालायचं, ते माप कुणाचं?” हितेंद्रने विचारलं.

“माझां. दार लावून घालतंय. तां कोणाक सांगूक नाय. हिकाव नाय.”

ते खरंच होतं. कितीदा विचारलं तरी म्हातारीने सांगितलं नव्हतं. आणि पाकिटं घेणारे पैसे मोजत होते ते त्या मापाचे, लतिकाच्या चिकटपट्टीचे नव्हे. टेबलावर टेकलेली, मिरच्या भाजून काळवंडलेली ती बोटं लतिकाला आज पहिल्यांदाच नीट दिसली.

“आईंची,” ती म्हणाली.

हितेंद्रने फॉर्म भरला. थोड्या वेळाने ओटीपी आला, फोन वाजला. आनंदीबाईंनी त्यावर पालथा हात ठेवला.

“कमाई माझी मा? मग काड तां कार्ड.”

“आई, ध्रुवची फी...”

“नातवाची फी मी भरतलंय. माझ्याकडे माग.”

“आजी, ओटीपी थोडाच वेळ चालतो हां,” हितेंद्र कुजबुजला.

मग लतिकाने पर्स उघडली आणि कार्ड टेबलावर ठेवलं. आनंदीबाईंनी ते कमरेच्या पिशवीत सरकवलं, चष्मा लावला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. हितेंद्रने मान हलवली. झालं.

जिना उतरताना त्या मध्येच थांबल्या.

“पुढल्या म्हयन्यापासून तुका पगार किती देवचो, तां माका सांग गो.”