घोटभर तापी

आमच्या मोठ्या काकांएवढा बोलका माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि त्यांच्याएवढा हट्टाने गप्प राहणाराही. एरवी ते बागेत एकटे असले तर केळींशी बोलत. पण आमच्या प्रकाशा गावच्या नाटक मंडळीचे पडदे तेच रंगवत, आणि सुचलेलं चित्र बोलून टाकलं की उडून जातं, असा त्यांचा अनुभव होता. स्वतःच्या जिभेवर तर काडीचा भरवसा नव्हता. म्हणून पहाटे नदीवर काही सुचलं, की ते तापीचं पाणी तोंडात भरत, तसेच गाल फुगवून घरी येत आणि त्याच पाण्यात पहिला रंग कालवत. काकूंनी एकदा ठसका लागला समजून पाठीत थाप मारली, तर अख्खा राजवाडा अंगणात सांडला. ती जागा वाळली तरी काका कुणाला तिथे पाय ठेवू देईनात.

मी कॉन्व्हेंटची शाळा संपवून घरी आले त्या वर्षी जत्रा तोंडावर आली, तरी त्यांना अरण्याचा पडदा सुचेना. मंडळीचे मॅनेजर दारात येऊन सांगून गेले, "भाऊ, सकाळलोंग सुचनं नई, तर सुरतथून भाडाना पडदा लई येसूत." त्या रात्री काका जेवले नाहीत, केळींशीही बोलले नाहीत. पहाटे मला घेऊन नदीवर गेले. मी फारशी बोलत नसे, म्हणून मला ते खुशाल बरोबर नेत. "हिले पाणी भरानी गरजच नई," सगळ्यांना सांगत, "हाई जन्मनीच कलाकार शे."

पलीकडच्या काठावर धुक्यातून एकेक झाड बाहेर येऊ लागलं. काकांनी घाईघाईने ओंजळ तोंडाला लावली.

परतताना पारावर मॅनेजर आणि चार टवाळ बसलेले. मॅनेजरांनी विचारलं, "भाऊ, सुचना का पडदा? बोल ना!"

"काय बोली तो? सुचनंच नई त्याले. सुरतले गाडी धाडी देऊत," एक टवाळ म्हणाला.

काका हातवारे करत होते, गाल थरथरत होते. एकाने गुदगुल्या करायला हात पुढे केला, आणि चारचौघांत माझा आवाज पहिल्यांदा निघाला, तोही अहिराणीत: "गाडी नका धाडू! काकाना तोंडमा तुमनं जंगल शे! वाट सोडा!"

पारावरचे बाजूला सरकले. त्यांच्यामधून काका ताठ मानेने, फुगल्या गालांनी घरी गेले.

जत्रेत ते धुक्यातलं अरण्य उलगडलं, तेव्हा पुढच्या बायकांनी थंडी वाजल्यासारखे पदर ओढून घेतले. पहिली टाळी मॅनेजरांची. काका मात्र भेटेल त्याला सांगत, "पडदा मन्हा, पन तो राखा आमनी पोरनी."

गेल्या साली काका गेले. पडदा घड्यांवर विरला आहे. नवा रंगवायचं काम मंडळीने माझ्याकडे दिलं, आणि कितीतरी दिवस मला काही सुचलं नाही. परवा पहाटे घाटावर सुचलं. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन निघाले, तर पारावरच्या पोरांनी अडवलंच, "काय ताई, बोलत का नई?" कोपऱ्यात बसलेले मॅनेजर काठी टेकत उठले.

"सरका रे," ते म्हणाले. "तिना तोंडमा काहीतरी शे."

मला हुंदका आला. पण घर अजून लांब होतं, आणि तोंड उघडायची सोय नव्हती.