चांद्याच्या दगडापाशी जन्मलेली आत्या

"मले तो दगड पाहाचा हाये. मंग नेऊ द्या मले पुण्याले, नाई म्हनत नाई मी."

आत्याचा हा फोन आला आणि माझी सहल ठरली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण, चंद्रपूरजवळच्या मूल गावी एकटीच राहायची. मुलगा तिला आता कायमचं पुण्याला नेणार होता. त्याआधी तिला आपली जन्मजागा बघायची होती, आणि ती म्हणजे मूल-सावली रस्त्यावरचा एक मैलाचा दगड! माझी आजी बाळंतपणासाठी सासरहून मूलला, माहेरी, पायी निघाली होती. वाटेत कळा आल्या. ती दगडाला टेकली आणि तिथंच आत्या झाली. "एक बाई धावून आली," एवढंच आजी सांगायची. कोण, ते तिलाही कळलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती, इकडे गावोगावी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आणि दंडारीचे नाच-खेळ सुरू झाले होते. चंद्रपूरशेजारच्या ऊर्जानगरहून सकाळी स्कूटी काढली. चंद्रपूर-मूल रस्ता बराचसा जंगलातून जातो, तेव्हा थंडीत येणार असाल तर उजाडल्यावरच निघा आणि कान झाका. मी निघाले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की सागाची झाडं नुसती सावल्यांसारखी उभी होती. फक्त दगड दिसायचे. एकेक पिवळं डोकं धुक्यातून वर यायचं, मूल जवळ आल्याचं सांगायचं आणि मागे विरघळून जायचं. मला हे दगड बघत फिरायची जुनी खोड आहे. पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं, हिरवं राज्य महामार्गाचं. पण रंग नंतर आले. आधी नुसता घडवलेला दगड असायचा. डाक नेणाऱ्याला, पायी निघालेल्या पलटणीला, लाकडाच्या गाडीवानाला तो सांगायचा की अजून इतकं चालायचंय. खडी फोडणाऱ्या टोळ्यांच्या कामाचे हिस्सेही दगडांवरूनच ठरत. मग मैल गेले, किलोमीटर आले, आणि बरेच जुने दगड कडेला पडले.

मूलला तर्री-पोहे खाल्ले. रस्सा जपून घ्या, नाकातून पाणी येतं. आत्या नवं लुगडं नेसून तयारच होती. मागे बसली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हळू चालव. मले सारं पाहाचं हाये."

दोन्ही बाजूंना धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, पेंढ्या पडल्या होत्या, ओल्या गवताचा गोडसर वास रस्ताभर सोबत होता. आम्ही प्रत्येक दगडापाशी थांबलो. सगळे नवे, सिमेंटचे. रस्ता रुंद झालेला, जुनी झाडंही गेलेली. आत्या आधी खूप बोलत होती, मग नुसते दगड मोजू लागली.

एका टपरीवर चहा घेतला. मी जुन्या दगडाचं विचारलं, तर बाकावरचे एक भाऊ म्हणाले, "जेसीबीनं लोटले सारे. आता कुठी भेटते?"

टपरीवाली बाई मात्र थांबली. "काऊन शोधून राह्यल्या?"

"मी झाली त्याच्यापाशी," आत्या म्हणाली.

बाईने गॅस बंद केला. "आमच्या खळ्यावर हाये एक. बैलानं ओढून आनला. चला."

टपरीच्या मागेच खळं होतं. धानाच्या गंजीशेजारी तो दगड आडवा पडला होता, कडा झिजलेल्या, चुन्याचे पोपडे अजून धरून. आत्या खाली बसली आणि अक्षरांवरून बोट फिरवू लागली. आकडा गेला होता, पण चंद्रपूरचं जुनं नाव लागत होतं. "चांदा," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पन जागा तर हे नाई ना वं. दगड इथी आला, मी कुठी झाली?"



खाटेवर उन्हात एक खूप म्हातारी बाई बसली होती. टपरीवालीची सासू, सगुणाबाई. तिने हाक मारली, "काय म्हनते ते?"

सुनेने मोठ्याने सांगितलं. सगुणाबाईने आत्याला जवळ बोलावलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"मीच पानी घेऊन धावली होती," ती म्हणाली. "नवी सून होती मी. सासूनं विळ्यानं नाळ कापली. गावात मंडई होती त्या दिवशी, दंडारीचे ढोल वाजून राह्यले होते. तू ढोलापेक्षा जोरानं रडली."

आमचं घर तेव्हा नुकतंच बौद्ध झालेलं. आम्हाला न शिवणारी गावं तेव्हा होती, हे आत्या ऐकतच मोठी झालेली. तिने हळूच विचारलं, "तुमाले गावानं काई म्हनलं नाई?"

"म्हनलं ना. लोकं पानी घेत नव्हते आमच्या घरचं. सासू म्हने, लेकरू सडकेवर पडू देऊ का?" सगुणाबाईने समोरच्या डांबराकडे बोट केलं. पांढऱ्या पट्ट्यावरून एक ट्रक गेला. "तिथी झाली तू. त्या पट्ट्यापाशी."

आत्या रस्त्याकडे बघत राहिली. मग तिने सगुणाबाईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी गंजीच्या आडोशाला जाऊन उभी राहिले.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. नव्या तांदळाचा भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, मिरचीचा ठेचा. सगुणाबाईचा मुलगा म्हणाला, दगड पाहिजे तर टेम्पोत घालून देतो. आत्या हसली. "राहू द्या भाऊ. पुण्यात कुठी ठेवू?"

मग पुढे गडचिरोलीच्या दिशेने वैनगंगेच्या पुलापर्यंत गेलो. पाणी संथ, रुपेरी, मधल्या वाळूवर बगळे. तुम्ही गेलात तर तिथे नक्की थांबा, गाडी मात्र पुलाच्या अलीकडेच लावा. आत्या कठड्याला टेकून बगळे बघत होती.

आता ती पुण्यात आहे. मी घरी परतले, कामाला लागले, तरी पहाटे डोळा लागला की त्या रस्त्यावर असते, धुकं आणि गवताचा वास. परवा आत्याचा फोन आला. शेजारीण विचारत होती म्हणे, तिकडे तुमचं आता कोण आहे?

"मंग काय सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं, सगुणाबाई हाये, मोठी बहीन माही. मूलच्या सडकेले राह्यते."