पोटगी देणारी सून

वृषाली कुणाच्याही घरी गेली की वाईट बातमी चपला काढायच्या आधी सांगायची. आत यायचं, पाणी प्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग हळूच विषयाला हात घालायचा, हे तिला कधी जमलंच नाही. मी एकदा तिला त्यावरून बोललो, तर म्हणाली, "आधी सांगते, मग बसते. ऐकल्यावर तुम्हाला मला बसवावंसं वाटलं नाही तर?"

कराडला माझी पिठाची गिरणी होती. ही माझी सून हॉलंडहून एकटीच आली आणि गिरणीच्या उंबऱ्यात उभी राहिली. गिरणी चालू होती म्हणून ती ओरडून बोलत होती. "बाबा, महेश आणि मी वेगळे होतोय. त्यानं मला मारलं नाही, मी कुणाबरोबर गेले नाही. आमचं जमत नाही, एवढंच." मी पट्टा बंद केला. दळणाला आलेल्या दोन बायका डबे धरून तशाच उभ्या. आतून माझी बायको सुशीला आली, तिनंही ऐकलं होतं. वृषालीनं विचारलं, "आता बसू का?" सुशीला म्हणाली, "बस, चहा टाकते." चहात साखर घालायचं मात्र ती विसरली. वृषाली तो तसाच प्याली.

त्यानंतर काही वर्षांनी सुशीला गेली. करोना यायच्या आधीची थंडी होती. महेशनं मला हॉलंडला, तो राहायचा त्या आर्नहेमला नेलं. म्हणे, तीन महिने राहा, बरं वाटेल. बरं वाटायला मी काय तापानं पडलो होतो? पण गेलो. मग विमानं बंद झाली आणि मी तिथंच राहिलो, चौथ्या मजल्यावर. महेश दिवसभर आतल्या खोलीत कॉम्प्युटरशी बोलायचा आणि मी बाहेरच्या खोलीत बसायचो.

माझी नात रेवा तेव्हा बारा वर्षांची. ती आईजवळ, तिथून जवळच्या वाखनिंगन गावी राहायची आणि एकाआड एक शनिवार-रविवार बापाकडे यायची. वृषाली तिथं बटाट्याच्या रोगावर काम करायची. सगळं जग घरात बसलं तरी ही रोज सायकलवरून काचेच्या घरातल्या रोपांकडे जायची. म्हणायची, "बटाट्याला लॉकडाऊन कळत नाही, बाबा."

रेवाला मराठी समजायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. म्हणून आम्ही पत्ते खेळायचो. ती लबाडी करायची, मीही करायचो. मला बरं कर, हसव, असलं तिनं कधी काही केलं नाही. नुसती शेजारी बसायची. त्या घरात तेवढंच मला सोसत होतं.

उन्हाळ्यात एका रविवारी ती बापाला काहीतरी लांबलचक बोलली. मी महेशला विचारलं, काय म्हणते?

"म्हणते, नवी शाळा आर्नहेमलाच आहे, तर आता मी इथंच राहीन. आणि म्हणते, आजोबा एकटा भिंतीशी बोलतो."

मी भिंतीशी बोलत नव्हतो. सुशीलेशी बोलत होतो. भिंत मधे येत होती.

महेशला आनंद व्हायच्या आधी धास्तीच बसली. तिकडची रीत त्यानं मला समजावली. तिथं सरकार लेकरामागं आईबापाला पैसे देतं. त्याचं डच नाव माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी त्याला 'पोरीचा पगार' म्हणायचो. आईबाप वेगळे झाले की ज्याच्या घरी लेकरू राहतं त्याच्या खात्यावर हा पगार जातो, आणि दुसऱ्यानं वरून पोटगी द्यायची. रेवा आईजवळ, म्हणून सगळं आईकडे. आता रेवा हलली की पैशाची दिशा उलटी.

"वृषाली भांडेल," महेश म्हणाला. "वकील आणेल."

"आणणारच," मी म्हणालो. "पोर जाणार, पोरीचा पगार जाणार, पोटगी जाणार. एवढं कोण सोडतं? मी सोडलं नसतं."

पुढच्या आठवड्यात वृषाली स्वतःच आली. सायकलवर, तोंडाला मास्क. त्या इमारतीला बाहेरून लांब सज्जा होता, सगळ्यांची दारं त्यावर उघडायची. ती आत आली नाही, सज्ज्यातच लांब उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, महेश दारात.

"रेवा इकडे राहायला येतेय," ती म्हणाली. "मला विचारलं, मी हो म्हटलं. महेश, शाळा सुरू व्हायच्या आत खेमेंटेत तिचा पत्ता बदलून घे. माझी सही लागेल, मी करते." खेमेंटे म्हणजे तिथली नगरपालिका. "ती इकडे आली की तू मला पोटगी पाठवायची नाहीस. मी तुला पाठवीन. या तिमाहीच्या पहिल्या तारखेला ती माझ्याकडे होती, म्हणून या वेळचा सरकारी भत्ता माझ्याच खात्यावर येईल. तो आला की तुझ्याकडे वळवते."

महेश म्हणाला, "अगं, पण माझा पगार तुझ्यापेक्षा जास्त आहे. राहू दे ना पोटगीचं."

"कमी घेतो म्हण. नको म्हणू नकोस."

इथं मला राहवलं नाही. मी खिडकीतून ओरडलो, "बाईनं पोटगी द्यायची? आमच्या घरात? माझा मुलगा काय नवऱ्यानं टाकलेली बाई आहे?" आमच्याकडे पोटगी म्हटलं की कोर्टाच्या पायरीवर डोळे पुसत बसलेली बाईच डोळ्यांपुढं येते. पुरुषाला पोटगी मी ऐकलीच नव्हती. शेजारच्या दारातून एक गोरी म्हातारी डोकावून गेली.

वृषाली हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "बाबा, पोटगीत पोट आहे ना? कुणाचं ते बघा. महेशचं नाही, माझं नाही. तुमचं तर नाहीच, तुमचं महेश बघेल."

महेशला हसू आलं, ते त्यानं खोकून लपवलं.

"पण देतेस कशाला, तो नको म्हणतोय तर?"

तिनं सज्ज्याच्या कठड्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "मी भेटायला येणारी मावशी नाही, बाबा. आई आहे. ती माझ्या घरात जेवत नसली तरी तिच्या ताटात माझं काहीतरी पाहिजे."

मी आयुष्यभर दळण दळलं. शाळा सातवीपर्यंत. मोठी माणसं लांबूनच बघितली, पुढारी, कारखान्याचे चेअरमन, गावात येऊन गेलेले महाराज. त्यांच्यातल्या कुणापुढं माझी बोलती बंद झाली नव्हती. तिच्यापुढं झाली. खाली उतरून, सायकलचं कुलूप काढून ती गेली, तरी मी खिडकीतच उभा होतो.

आक्काला, माझ्या बहिणीला, सांगलीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पोर बापाच्या गळ्यात टाकून मोकळी झाली. आता पैसे टाकून साळसूद दिसायचं." मी म्हणालो, "आक्के, तू तुझ्या लेकरांना एक रात्र तरी माझ्याकडे ठेवलंस का? आजोळी पाठवायचीस तर सोबत स्वतः यायचीस." तिनं फोन आपटला. महिनाभर बोलली नाही. न बोलेना का.

रेवा आली. दर महिन्याला पोटगी येत राहिली. वृषालीची नोकरी अशी की दोन-दोन वर्षांच्या बोलीवर चालायची, तरी तिनं एकदाही उशीर केला नाही, आणि दिल्याचा शब्दही काढला नाही. घरात मी एकटाच ते मोठं समजत होतो. तिला ते जेवायला वाढण्याइतकंच साधं वाटायचं.

हिवाळा संपता संपता रेवा मला बसनं आईकडे घेऊन गेली. वृषालीनं घर बदललं होतं. पोर गेल्यावर सरकारचे सगळे भत्ते आटले, मग आधीचं बागेचं घर परवडेना. हे घर लहान, एकच झोपायची खोली. त्या खोलीत रेवाचा पलंग, रेवाचं टेबल, भिंतीवर रेवाची चित्रं. बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या मागं एक गादी गुंडाळून उभी केलेली.

मी गादीकडे बोट दाखवलं. "ही कुणाची?"

"माझी."

"आणि पोर महिन्यातून दोनदा येते, तिला अख्खी खोली?"

"पाहुण्यासारखं सोफ्यावर झोपवायचं का तिला?" वृषाली म्हणाली. "पोहे घ्या, गार होतील."

संध्याकाळी ती आम्हाला बस थांब्यावर सोडायला आली, सायकल हातात धरून. रेवानं तिला मिठी मारली. त्या दोघींना एकमेकींजवळ येण्याची भीती नव्हती, मी म्हातारा, म्हणून करोनाच्या धास्तीनं वृषाली माझ्यापासून मात्र जपून राहायची. वृषाली तिला डचमध्ये काहीतरी म्हणाली आणि मला म्हणाली, "चढा, बाबा, बस थांबायची नाही." चेहरा कोरडा. रेवा आत गेली, कानात गाणी घातली आणि पलीकडच्या खिडकीशी बसली.

बस सुटली. त्या रस्त्याच्या कडेनं सायकलींची वेगळी वाट आहे. मी सहज बाहेर बघितलं तर वृषाली आमच्या बरोबरीनं येत होती. तिचं घर उलट्या दिशेला होतं. ओव्हरकोट मागं उडतोय, ती बसायच्या जागेवरून उठून उभ्यानं पायडल मारतेय, आणि मान वर करून एकेक खिडकी बघतेय. तिला रेवा दिसत नव्हती. रेवा दुसऱ्या बाजूला होती.

रेवाच्या खांद्याला हात लावायला मी हात उचलला. मग तो तसाच मांडीवर ठेवला. दारात, थांब्यावर, कुठंही तिनं पोरीला हे दिसू दिलं नव्हतं. पोरीला दिसलं असतं तर पोर उतरली असती, परत गेली असती, आणि पुन्हा कधी सुखानं आमच्याकडे राहिली नसती. वृषालीला ते माहीत होतं. मला ते त्या खिडकीत कळलं.

मग मीच काचेला तोंड लावलं. तिनं मला बघितलं. मी मागं रेवाकडे बोट केलं आणि मान हलवली, की आहे, बरी आहे, बसलीये. वृषालीनं पायडल मारणं थांबवलं. बस पुढं गेली आणि ती रस्त्याच्या कडेला एक पाय टेकून उभी राहिली, दिसेनाशी होईपर्यंत.